देवनाकाचा डबा

शेवंते, धरणाच्या काठावर संसार केलेल्या एका बाईनं भर मे महिन्यात, पाणी ओसरलेल्या धरणाच्या पोटात, जगानं येऊन शोधावा म्हणून एक डबा लपवला. पावसाळ्यात डब्यावर धरण चढलं. ती बाई मी. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. परवा धाकट्या नातीनं शाळेतल्या मैत्रिणींना माझी ओळख करून दिली, "ही आमची आजी. हिनं डबा लपवला आणि वर धरण सोडलं."

मी काय करणार, हसले. इतकी वर्षं मी ही गोष्ट स्वतःच सांगत आले आणि दर वेळी तिला नवी फोडणी दिली. कधी म्हटलं, डब्यातल्या कागदावर माशांनी सह्या केल्या. कधी म्हटलं, एक दिवस मुंबईकरांच्या नळातून पेन्सिल बाहेर पडेल, ती माझी समजा. लोक पोट धरून हसायचे. तूही हसायचीस. पण सगळ्यांचं हसून झालं की मग तू हसायचीस, आणि हसताना माझ्याकडे बघायची नाहीस.

आज फोडणी न देता सांगते. ऐकायला तू नाहीस हेही माझ्या सोयीचंच झालं म्हण. माझं सगळं माझ्या सोयीनंच होत आलंय.

आपली ओळख झाली ती भातसानगरच्या कॉलनीत. मूळची तू आमच्याच गावची लेक, मी त्याच गावची सून, आणि भेटलो कुठं, तर धरणाच्या लोकांच्या क्वार्टरमध्ये. माझ्या डोक्यावर करटुल्यांची पाटी आणि तू दारात, ऑफिसला निघालेली, खांद्याला पर्स. नव्वद-एक्याण्णव असेल. धरणाच्या ऑफिसात तू कारकून होतीस. ज्या पाण्यानं तुमची खालची वस्ती बुडवली त्याच पाण्याची रोजची पातळी तुझ्या टेबलावर यायची.

"कुठल्या गो तुमी?" मी विचारलं. तू गावाचं नाव सांगितलंस.

"छे! आमच्या गावात तुमी कधी दिसल्या नाय."

"तुमच्या गावात नाय दिसणार," तू म्हणालीस. "आमच्या गावात दिसले असते. तुमी म्हशाच्या ना? जत्रेत बैलाचा भाव करावा तशी भाजी विकता."

मी खरंच म्हशाची, पार मुरबाड तालुक्यातली. लग्न करून आले तेव्हा तुमची खालची वस्ती जागेवर होती. वरच्या आळीत आमची शेतकऱ्यांची घरं, खाली ओहोळापलीकडे तुमची बौद्ध मंडळींची. तू तोवर लग्न होऊन शहापूरला गेली होतीस. पण तुझी आई, तुझे भाऊ तिथं होते, आणि पाणी चढून वस्ती उठेपर्यंतच्या सगळ्या वर्षांत मी त्या उतारावरून एकदाही खाली गेले नव्हते. कुणी अडवलं नव्हतं. जायचं नसतं, एवढं न सांगता कळायचं, आणि अशा न सांगता कळणाऱ्या गोष्टींत मी फार हुशार.

तू माझी करटुली घेतलीस, चहा पाजलास, आणि पुढच्या आठवड्यात कॉलनीच्या वाचनालयातून स्वतःच्या नावावर माझ्यासाठी पुस्तक काढून आणलंस. सातवीवर शाळा सुटलेल्या बाईला तू पुन्हा वाचायला लावलंस. आज चार ओळी नीट लिहिता येतात त्या तुझ्यामुळे. वाचून झालं की तू परीक्षा घ्यायचीस. "काय कळलं?" मी म्हणायची, "त्यातली सासू मला आवडली." तू कपाळाला हात लावायचीस.

आणि हेही लिहून टाकते. कॉलनीत मी थेट तुझ्या स्वयंपाकघरात शिरून भाकऱ्या थापायची. गावात तू आलीस की बसायचीस माझ्या ओटीवर. कपबशी तीच होती, त्यात मी भेद केला नाही, आणि त्याचाच मला केवढा अभिमान! तू एकदा आत डोकावून म्हणालीस, "तुझी चूल मातीची आहे का गॅसची, मला अजून ठाऊक नाय बघ." मी म्हटलं, "दोन्ही आहेत, आणि दोन्हींवर माझं दूध उतू जातं." तू हसलीस. विषय संपला. माझे विषय असेच संपायचे.

मग दहा-बारा वर्षांनी ते डब्यांचं खूळ आलं. माझी वर्षा ठाण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत, कामासाठी अमेरिकेला जाऊन आली आणि येताना मुठीएवढं पिवळं यंत्र घेऊन आली. आकाशातल्या उपग्रहाला विचारून ते आपण कुठं उभे आहोत ते आकड्यांत सांगायचं. मला ठाऊक होतंच मी कुठं उभी आहे, गोठ्यात. तिथल्या लोकांचा म्हणे खेळ असतो. कुणीतरी रानात डबा लपवायचा, जागेचे आकडे आणि एखादी खूण इंटरनेटवर टाकायची, आणि अनोळखी लोकांनी यंत्र घेऊन तो शोधायचा. आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबा होता तिथं ठेवायचा. सापडला तर तसं इंटरनेटवर लिहायचं, नाही सापडला तर तसं.

"आई, तिकडे एका गावानं त्यांच्या पहिल्या वसणाऱ्यांच्या वाटेवर असे डबे ठेवलेत," वर्षा म्हणाली. "आपण करू या? आपलं गाव कुठून आलं, ते चालत चालत बघता येईल."

हे ऐकून मी तुला फोन केला आणि तू त्याच संध्याकाळी आलीस. तुला असलं काही म्हटलं की दम निघायचा नाही. गावाची गोष्ट सगळ्यांना पाठ. आमच्या घराण्याचा मूळपुरुष बाळोजी नाणेघाट उतरून आला, म्हशाच्या माळावर त्यानं बैल बदलले, काळू नदी ओलांडली, आणि डोंगर हाताशी धरत धरत इकडे येऊन गाव बसवलं. घाटाच्या पायथ्याशी एक डबा, म्हशाला एक, काळूच्या उतारावर एक, गावदेवीपाशी एक आणि पहिल्या विहिरीपाशी एक. खुणेच्या ओळी मी लिहायच्या, त्या तू तपासायच्या.

म्हशाच्या डब्यासाठी मी लिहिलं, "याच मातीतली एक लेक पुढे या गावाला मिळाली."

"ही कोण?" तू विचारलंस.

"मी."

"तू काय पहिली वसणारी? खोड ते."

खोडलं. घाटाखालच्या डब्यात मी दमलेल्या पाहुण्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू ठेवले, तर माकडांनी लाडवांसकट डबा झाडावर नेला. वर्षा खाली उभी राहून यंत्राकडे बघत म्हणत होती, "आकडे बरोबर आहेत!" तू रस्त्यातच बसलीस हसून हसून. त्या उन्हाळ्याइतकी मी आयुष्यात कधी हिंडले नाही गो. आणि त्या हिंडण्यातच तू मला शिवेच्या खिंडीत नेलंस.

तिथला उभा दगड मी पाहिलेला होता. दसऱ्याला आमचे मोठे दीर, ज्यांना सगळा गाव दादा म्हणायचा, तिथं बाळोजीच्या नावानं नारळ फोडायचे. तू त्या दगडाला टेकून बसलीस, पाण्याची बाटली उघडलीस, आणि मला तुमच्या घरातली गोष्ट सांगितलीस. बाळोजी आला तेव्हा तुमचे लोक इथं होतेच. पाणी कुठं लागतं ते त्यांनीच दाखवलं. मग पलीकडच्या गावानं भांडण काढलं की ही जमीन आमची. त्या काळी अशा भांडणाचा निकाल एकाच तऱ्हेनं लागायचा. शीव ज्याला ठाऊक त्यानं त्याच जमिनीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि दोन्ही गावांसमोर शीव चालून दाखवायची. चालला ती शीव खरी. खोटं चालला तर त्याचा वंश बुडणार, असं सगळे मानायचे. म्हणून बाळोजीच्या घरातलं कुणी पुढं होईना. चालला तुमचा पूर्वज, देवनाक. ओहोळापासून डोंगरापर्यंत, डोक्यावर ढेकूळ, आणि या खिंडीत येऊन त्यानं ते खाली ठेवलं. तिथं हा दगड रोवला.

"बसले तुमचे," तू म्हणालीस, "चालला आमचा."

तुझी प्रज्ञा तेव्हा आपल्याबरोबर होती. नुकतीच शहापूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली. ती म्हणाली, "आई, ती वेठ होती. गावानं आपल्या जिवावर बेतणारं काम आपल्यावर टाकलं. त्याचा कसला मान?"

"वेठ तर वेठ," तू म्हणालीस. "वेठीला धरलेल्या माणसाला नाव नसतं काय? वेठ होती म्हणून पुसायचं का ते?"

"पुसायचं नाही. पण मिरवायचंही नाही."

"मी मिरवत नाय. चालला, तेवढंच लिहायचंय."

तुमची दोघींची ती तक्रार उतरणीला लागलो तरी चालू होती आणि मला वाटतं शेवटपर्यंत मिटली नाही. पण एका गोष्टीवर तुझं ठाम होतं. सहावा डबा देवनाकाचा, आणि तो शिवेच्या दगडापाशीच. इंटरनेटवरच्या पानावर त्याचं नाव आणि त्या खिंडीचे आकडे. मला आठवतं, तू दुसरं काहीच मागितलं नाहीस. इतक्या वर्षांच्या मैत्रीत माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

"हो की," मी म्हटलं. लगेच म्हटलं. मग दादा आठवले.

तू ते माझ्या चेहऱ्यावर वाचलंस. "दादा काय बोलेल?"

"मी बघते."

"मी बोलू का त्याच्याशी? गावचा भाऊ लागतो माझा."

"नको. घरातल्या माणसानं विचारलं की बरं. मी बोलते."

आता हे सगळ्यात वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन दादांकडे गेले. ते ओट्यावर बसून दाढी करत होते. मी कप ठेवला. ते म्हणाले, "काय गो?" साऱ्या गावाची टोपी उडवणारी मी, तलाठ्याची नक्कल त्याच्यासमोर करणारी मी, त्या साबण लावलेल्या चेहऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "साखर पुरे का बघा." ते म्हणाले, "पुरे." मी परत आले.

दादांना मी विचारलंच नाही, शेवंते.

आणि तुला काय सांगितलं? "दादा नाय म्हणाले." तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण मी नुसतं सांगणारी थोडीच! मी दादांचा आवाज काढला. मान तिरकी केली, एक भुवई वर. "शिवेवर आमच्या घराण्याचा नारळ फुटतो. तिथं दुसरं नाव लागणार नाय. होते म्हणजे होते ते, त्यात काय एवढं?" ही शेवटची ओळ मला बोलता बोलता सुचली. नक्कल इतकी हुबेहूब झाली की मलाच वाटलं दादा असंच म्हणाले. तुझा चेहरा पडला तो मी पाहिला. तरी मनात कुठंतरी, नक्कल छान झाली, हेही आलं. माझी लाज वाटायची असेल तर ती या जागी वाटू दे.

मग मी तुझी समजूत घालायला लागले. "देवनाकाचं घर तर खाली होतं ना? मग त्याच्याच घरी ठेवू त्याला. मे महिना आहे, वस्ती उघडी पडलीय. तुमच्या घराचं जोतं दिसतं. त्याच्याइतकी खरी जागा दुसरी कुठली?"

"तिथं पाणी येतं," तू म्हणालीस. पाण्याची पातळी लिहिणाऱ्या बाईला मी पाणी शिकवत होते.

"येईल तेव्हा येईल. तोवर किती लोक बघून जातील! पाऊस लागायच्या आत काढू आपण."

"काढशील?"

"काढीन म्हणजे! माझ्या गळ्याची शपथ."

वर्षाला घेऊन आपण तिघी त्या फुटलेल्या चिखलातून चालत गेलो. तू भरभर पुढं गेलीस आणि एका जोत्यापाशी थांबलीस. इथं उंबरा, इथं चूल, इथं आईची बसायची जागा. मी त्या वस्तीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते असं, ती बुडून वर आल्यावर. तू कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलंस, "देवनाक. शीव चालला." डब्यात ठेवलंस, झाकण दाबलंस, आणि जोत्याच्या दोन दगडांमध्ये सरकवलास. वर्षानं आकडे टिपले. मी खुणेची ओळ केली, "उंबरा ओलांडा, उजवीकडे बघा." सगळ्यांत चांगली ओळ तीच झाली होती.

पाऊस लागला. भाताची पेरणी होती, मग लावणी. हे सगळं खरं, पण ते कारण नव्हे. आमचं शेत उतारावर आहे. लावणी करताना वाकलं की समोर धरण. पाणी रोज किती चढतंय ते मला चिखलातून मान न उचलता दिसत होतं. ओहोळ बुडाला, चिंचेचं खोड बुडालं. एक दिवस जोतं तेवढं राहिलं. त्या दिवशी मी उतरून जाऊ शकले असते. आवणाच्या रोपांची मूठ हातात होती. मी ती रोवली, दुसरी घेतली. डबा काढला असता तर तू विचारणार होतीस, आता कुठं ठेवायचा? आणि मग मला पुन्हा दादांसमोर कप घेऊन उभं राहावं लागलं असतं. पाणी आलं की प्रश्नच मिटत होता. म्हणून मी पाणी येऊ दिलं.

लोक म्हणाले, "काय खुळी बाई! धरणाच्या काठची आणि हिला पाणी कळेना?" मी म्हटलं, "नाय ना कळलं!" आणि पदर तोंडाला लावून हसले. खुळी ठरणं किती स्वस्तात पडलं मला.

पुढं पाण्यानं दगड हलवले असतील, दुसऱ्या उन्हाळ्यात जोत्यावर गाळ बसलेला आणि डबा काही दिसला नाही. पण इंटरनेटवर त्याचे आकडे राहिले. ठाण्या-मुंबईची तरुण मंडळी रविवारी यंत्र घेऊन यायची, पाच डबे शोधायची, मग सहाव्याच्या आकड्यांवर जायची तर पुढं पाणी, नाहीतर गाळ. घरी जाऊन पानावर लिहायची, "देवनाक : सापडला नाही." कुणी लिहायचं, "देवनाक नक्की होता का?" मी वर्षाला म्हटलं, काढून टाक ते. ती म्हणाली, "शेवंतामावशी नको म्हणतात. राहू दे म्हणतात."

तू ते पान ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघायचीस. संध्याकाळी फोन यायचा. "तारे, आज डोंबिवलीहून आलेले. आमचा देवनाक त्यांना पण सापडला नाय." मी म्हणायची, "पोहायला गेला असेल." तू म्हणायचीस, "असेल." आपण दोघी हसायचो. तो आपल्या दोघींमधला विनोद होऊन बसला, आणि विनोद झाला की त्यात कुणी कुणाला काही विचारायचं नसतं, हा माझाच नियम तू पाळत राहिलीस. फक्त एकदा, कसलाही संबंध नसताना, तू म्हणालीस, "पावसाआधी काढणार होतीस ना गो?" मी म्हटलं, "विसरले बघ, म्हातारी झाले." तेव्हा मी म्हातारी नव्हते. आणि विसरले तर मुळीच नव्हते.

त्या उन्हाळ्यापासून तू दादांच्या ओट्यावर चढली नाहीस. ते रस्त्यात दिसले की तू मान खाली घालून जायचीस. दादा एकदा मला म्हणाले, "शेवंतानं बोलणं का सोडलं? काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, "ऑफिसचं टेन्शन असतं तिला." एका दगडात मी दोन माणसं मारली आणि दोघांनाही चहा पाजत राहिले.

मग दादा गेले. तू आलीस, सगळ्यांच्या आधी आलीस. माझ्याजवळ बसून हळूच म्हणालीस, "माणूस वाईट नव्हता गो. तेवढं एक त्यानं ऐकायला पाहिजे होतं." दादा समोर पांढऱ्या चादरीखाली. दोघांच्या मध्ये मी. त्या घटकेला मी खरं बोलले असते तर निदान एका माणसाच्या अंगावरचा डाग निघाला असता. मी तुझा हात धरला आणि जोरात रडले. लोकांना वाटलं, दिरासाठी रडतेय.

दादा असते तर काय म्हणाले असते, हे आता कुणालाच कळणार नाही. कदाचित नाहीच म्हणाले असते. माझी नक्कल अगदीच हवेतली नव्हती, त्या ओळी मी लहानपणापासून कुठं कुठं ऐकलेल्याच होत्या. पण त्यांच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या. आणि ते गेल्यावर तर मला कुणाचीच आडकाठी नव्हती. दुकानात डबे होते, खिंड जागेवर होती. तरी मी गेले नाही. का? कारण आता डबा ठेवला असता तर तू म्हणाली असतीस, "इतके दिवस काय झालं होतं?"

तुझं निवृत्त होणं, मग ते किडनीचं दुखणं, सगळं एकापाठोपाठ आलं. ठाण्याच्या हॉस्पिटलात मी दर आठवड्याला यायची, पिशवीत मऊ भात, डोक्यात चार नवे किस्से. शेवटच्या खेपेला खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर पडलं होतं. मी नर्सबाईच्या चालीची नक्कल केली. बाजूच्या खाटेवरची बाई हसली. तू हसली नाहीस. माझा हात धरून म्हणालीस, "तारे, एकदा तरी सरळ बोल ना गो माझ्याशी."

मी म्हटलं, "सरळ बोलायला मला जिलेबी खाणं सोडावं लागेल."

हे मी म्हटलं. तुला. तू हात सोडला नाहीस, फक्त डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मी पिशवी आवरली आणि शहापूरची गाडी चुकू नये म्हणून निघाले.

मी काय लपवतेय ते तुला आधीच ठाऊक होतं का? दादांच्या नकलेत ती शेवटची ओळ माझी आहे, हे तुझ्यासारख्या बाईला ओळखू आलं नसेल असं मला आता वाटत नाही. मग तू मला धरलं का नाहीस? गचांडी धरून विचारायचं होतंस. तू वाट बघत राहिलीस. या तुझ्या चांगुलपणावर मला राग येतो, आणि राग यायचा मला हक्क नाही हेही कळतं, म्हणून पुन्हा शरमते.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तुमच्या शहापूरच्या घरी आले. वंदना झाली, लोक पांगले. प्रज्ञानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी दारातच घुटमळले. तुझ्या घरात मी कधी घुटमळले नव्हते. तिनं खुर्ची दिली, चहा ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. कप, साखर, नक्कल, लावणी, दादा, सगळं. कुठंही हसवलं नाही. सांगून झाल्यावर मला जरा हलकं वाटलं, आणि तिच्याकडे मी बघितलं तेव्हा, कबूल करते, ती "जाऊ द्या मावशी" म्हणेल अशा आशेनं बघितलं.

प्रज्ञानं गॅस बंद केला. चहा गाळला. माझ्यासमोर कप ठेवला. मग म्हणाली :

"मावशी, मला सांगून मोकळ्या होऊ नका. दादांनी नाही म्हटलं असं आईनं जिथं जिथं सांगितलंय, तिथं तिथं जाऊन सांगा. आधी देवनाकाचं नाव घ्या, मग दादांचं. तुमचं शेवटी घेतलंत तरी चालेल, पण घ्या."